खर्जाची खोली

होम थिएटरमध्ये खर्जाचे आवाज काढण्यासाठी सबवूफर नावाचा वेगळा ध्वनिवर्धक असतो. काही जण एकाच खोलीत असे दोन, कधी चार सबवूफर ठेवतात. आवाज वाढवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आम्हांलाही पूर्वी वाटत असे. खरे कारण मात्र वेगळे आहे आणि त्याचा धागा थेट एकोणिसाव्या शतकात पोहोचतो.

लॉर्ड रॅले यांचा ‘द थिअरी ऑफ साउंड’ हा ग्रंथ १८७७-७८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. बंद पेटीतल्या हवेला स्वतःच्या ठरावीक वारंवारता असतात, हे त्यात गणिताने दाखवले आहे. खोली ही अशीच एक मोठी पेटी. समजा, ती ५ मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ३४ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १० मीटर होते; म्हणजे खोलीत बरोबर अर्धा तरंग मावतो. जाणारा आणि भिंतीवरून परतणारा तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतो. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी दाबाचा चढउतार सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य! भिंतीला टेकून बसलेल्याला गडगडाट ऐकू येतो आणि मधल्या खुर्चीतला माणूस विचारतो, “कुठे आहे?”

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन यांच्यापुढे निराळी अडचण होती. फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात आवाज इतका घुमे की विद्यार्थ्यांना शब्द कळत नसत. सॅबाइन यांनी रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून पसरल्या आणि ५१२ हर्ट्झचा स्वर विरायला किती वेळ लागतो, ते मोजले. गाद्यांनी घुमणे कमी झाले. पण १० मीटर लांबीच्या तरंगापुढे वीतभर जाडीच्या गादीची मात्रा चालत नाही. इलेक्ट्रॉनिक साधनांनी एका खुर्चीपुरता आवाज सुधारता येतो, पण तेवढ्यानेच दुसऱ्या खुर्चीत तो बिघडू शकतो.

२००२ साली अमेरिकेतील हरमन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी प्रश्नच बदलला : सगळ्या खुर्च्यांवर खर्ज सारखा कसा पोहोचेल? समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवले की फरक बराच कमी होतो. चाराहून अधिकांनी फारसा फायदा नाही, असे त्यांना आढळले.

हे का घडते? ३४ हर्ट्झला एका टोकाचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाचा घटतो, बागेतल्या सी-सॉसारखा. दोन्ही टोके एकाच वेळी सारख्याच जोराने दाबली तर सी-सॉ हलेल का? तसाच हा स्थिर तरंग उभाच राहत नाही. ६८ हर्ट्झला मात्र दोन्ही टोकांचा दाब एकदमच वाढतो आणि मध्यावरचा घटतो. तेथे बाजूच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर टोकांवरच्या दोघांना विरोध करतात. म्हणजे जादा सबवूफर खोलीचा स्वतःचा आवाज दाबण्यासाठी असतात.

वर्गात हे पडताळता येईल. मोबाइलवर ५०० हर्ट्झचा स्वर लावून तो भिंतीपासून दोन-तीन मीटरवर, भिंतीकडे तोंड करून ठेवा. एक कान बंद करून हळूहळू भिंतीकडे सरका. साधारण ३४ सेंटिमीटरच्या अंतराने आवाज पुनःपुन्हा क्षीण होईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : स्वर ३४ हर्ट्झचा असता, तर हे अंतर किती झाले असते?