कचेरीतल्या श्रमदानाचं कूळ

तहसीलचा कारकून, ग्रामसेवक, गुरुजी एका रांगेत टिकास-फावडं घेऊन चर खणताहेत, याचं यवतमाळ जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही. कंपन्यांत यालाच ‘एम्प्लॉयी व्हॉलंटिअरिंग’ म्हणतात आणि ते सातासमुद्रापलीकडून आलं असं मानतात. आपल्याकडचं त्याचं कूळ मात्र बांधावरचं.

मूळपुरुष इर्जिक. एकाच्या रानात गावच्या बैलजोड्या जमत, दिवसभर नांगरट होई, संध्याकाळी रानमालकाकडे जेवण. मजुरी नाही, पण फुकटही नाही. आज तुम्ही माझ्याकडे आलात, उद्या मी तुमच्याकडे. हा हिशोब कागदावर नसे, तरी चुकवणाऱ्याला गाव विसरत नसे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी (1876–1956) ही परतफेडच काढून टाकली. गावात शिरले की आधी झाडू, रात्री कीर्तन. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारून अशा कामामागे संघटना उभी केली.

मग सरकार आलं. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला; आजची गटविकास अधिकाऱ्याची कचेरी त्याचीच संतती. रस्त्यासाठी गावाने उपसलेली माती आता लोकवर्गणी म्हणून रुपयांत मांडली जाऊ लागली. माझ्या मते श्रमदानाला साहेब लाभला तो इथे. 1969 साली राष्ट्रीय सेवा योजना निघाली आणि महाविद्यालयीन पोरांच्या वाट्याला वर्षाकाठी 120 तास आले. यवतमाळच्या कचेऱ्यांतल्या कित्येकांनी पहिलं घमेलं उचललं ते याच तासांत. (आता त्यांच्या विद्यापीठाला नावही गाडगेबाबांचं आहे.) बाबांच्याच नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये आलं, तेव्हा झाडू गुणपत्रिकेत शिरला. 2014 च्या स्वच्छ भारत शपथेत वर्षाला 100 तास आले. पुढे पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत जिल्ह्यातल्या गावांनीही उन्हाळ्यात चर खणले. तिथे श्रमदान मोजलं गेलं घनमीटरात. हे माप मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. खड्डा खोटं बोलत नाही, फोटो बोलतो.

कंपन्यांचा हिशोब अगदीच निराळा. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. मग प्रश्न आला, कर्मचारी शाळेची भिंत रंगवायला गेला, तर त्याच्या वेळेचे पैसे यात धरायचे का? 2014 च्या परिपत्रकाने तासांच्या प्रमाणात पगार धरायला मुभा दिली. जानेवारी 2016 मध्ये सरकारने सांगितलं, कर्मचाऱ्यांना जरूर सामील करा, पण त्या सेवेची किंमत लावून खर्चात दाखवू नका. म्हणजे इर्जिकीपासून कुणी ना कुणी मोजत आलेली ही मेहनत कायद्याच्या वहीत शून्य ठरली. मला हा निर्णय पटतो. पगारी दिवसाला दान म्हणवून वर त्याचं श्रेय कंपनीने घ्यावं, हे इर्जिकीतल्या साध्या शेतकऱ्यालाही रुचलं नसतं.

सरकारी कचेऱ्यांत पगार नि दान यांची सरमिसळ चालूच आहे. 1 ऑक्टोबर 2023 ला सकाळी दहा वाजता देशभर ‘एक तारीख, एक तास’ श्रमदान झालं. शपथेतल्या शंभर तासांचा एक तास झाला होता. वार मात्र रविवार होता, त्यामुळे निदान तो तास तरी ज्याचा त्याचा होता.