पंपाने जागा बदलली तेव्हा

जुन्या मोटार मिस्त्रीला संगणकाने संपवले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. पूर्वी दोष नाकाने आणि कानाने ओळखत, मग स्कॅनर आला आणि नाक-कान निकामी झाले, असे ती सांगते. तिची पारख करायला पेट्रोलची गळती हा दोष फार सोयीचा, कारण तो मोटारीइतकाच जुना आहे आणि आजही होतो. ही गळती शोधण्याची आणि बुजवण्याची रीत आपल्याकडे मुळापासून बदलली, हे खरे. पण ती बदलली गाडीतल्या पेट्रोल पंपामुळे. इंजिनाला चिकटलेला हा पंप टाकीत जाऊन बसला, नळीतला दाब दसपटीने वाढला आणि गळतीचा स्वभावच पालटला. संगणकाचा वाटा त्यानंतरचा, आणि समजतो त्याहून बराच लहान.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट 1100 आणि तिचाच पुढचा अवतार असलेली पद्मिनी या गाड्यांची रचना पाहा. टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला डायफ्राम वरखाली होई आणि गाडीच्या लांबीइतक्या नळीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकली. दाब जेमतेम तीन-चार पौंड. त्यामुळे एकाच नळीचे दोन स्वतंत्र प्रांत होते. पंपाच्या पुढे भोक पडले तर ओल दिसे. पंपाच्या मागे पडले तर बरेचदा थेंबही सांडत नसे, उलट नळी हवा ओढी आणि गाडी चढावर दम टाकी. म्हणून मिस्त्री आधी कार्बोरेटरकडची नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरी आणि सेल्फ मारायला सांगे. धारेत बुडबुडे आले तर दोष मागच्या बाजूला. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला आणि पातळी विनाकारण वाढलेली दिसली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनात उतरते आहे. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर त्यातला फ्लोट काढून कानाशी हलवून पाही. आत पेट्रोल खळखळले की फ्लोटला भोक. ते नेमके कुठे आहे ते गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडा दाखवी. याला अंदाजपंचे म्हणणे अन्यायाचे आहे. एकेक शक्यता पुराव्याने बाद करत जाण्याचीच ही पद्धत, फक्त ती कुणी लिहून ठेवली नाही.

दुरुस्तीही त्या दाबाला शोभणारी होती. टाकीच्या पत्र्यावर शिसे-कथलाचा मुलामा असे, त्यामुळे तिला डाग देणे सोपे. वाटेत टाकीला बारीक छिद्र पडले तर त्यावर साबणाची वडी घासत. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गावापर्यंत पोचायला तेवढे पुरे. डायफ्राम, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट यांचे किट सुट्या भागांच्या दुकानात मिळे, मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या बाजारात तर हमखास.

यात जुन्याचा उमाळा आहे, ते काम धोक्याचे होते, असा आक्षेप येईल. तो मला पूर्ण मान्य आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरते. जाणता कारागीर डाग देण्यापूर्वी टाकी धुऊन पाण्याने भरून घेई. तेवढा धीर नसलेल्यांनी आगी ओढवून घेतल्या. पण निदान अचूक असणे आणि दुरुस्ती सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे श्रेय दुसरीच्या दोषापायी काढून घेता येत नाही.

बदल आला तो धुरामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या आदेशाने राजधानी परिसरात युरो मानके लागू झाली, मुंबईसारखी शहरे मागोमाग आली आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेल्या फ्युएल इंजेक्शनला साधारण तीन बार, म्हणजे चाळीसेक पौंड दाब लागतो. तो देणारा विजेचा पंप टाकीतच बुडवला गेला. ओढणारी लांब नळी संपली. घाटात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की त्यावर ओले फडके टाकण्याचा उपायही तिच्याबरोबर गेला. आता भोक कुठेही पडो, पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर येते, आणि इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो. म्हणून नळी सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे लागते. तीन पौंडांना चाललेला साधा रबरी तुकडा आणि क्लॅम्प चाळीस पौंडांना वापरणे हा सरळ गुन्हा आहे. जुनी सवय इथे खरोखर घातक ठरली.

मग गळती स्कॅनर शोधतो का? ठिबकणारे पेट्रोल ओळखणारा सेन्सर गाडीत नसतो. दाब पडला तर मिश्रण पातळ झाल्याचा कोड मिळेल. पण तसाच कोड तुंबलेल्या फिल्टरने, थकलेल्या पंपाने किंवा मॅनिफोल्डच्या फाटक्या गॅस्केटनेही येतो. सांध्यातून नुसता पाझर असेल तर दिवा लागतही नाही. इंजिन बंद केल्यावर प्रेशर गेजचा काटा घसरला तरी इंजेक्टर झिरपतो आहे की पंपातला व्हॉल्व्ह, हे एकेक बाजू बंद करून ठरवावे लागते. बाटली आणि बुडबुड्यांचाच हा तर्क. टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा 200 बारच्या सिलिंडरचे सांधे तपासायला साबणाचा फेस कामी आला, ही त्यातली गंमत.

मिस्त्रीचे नुकसान झाले ते दुसरीकडे. किट मिळेनासे झाले, त्याजागी पंपाचा अख्खा संच आला. प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गळतीचे नवे कारण ठरणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले होते. त्याला टिकतील असे भाग एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांना बसतात. त्याआधीच्या गाड्यांतले साधे रबर इथेनॉलने फुगते, मग कडक होऊन तडकते, आणि ती तड कोणत्याही कोडमध्ये दिसत नाही. नळी वाकवून, बोटाने चाचपून, वास घेऊनच ती शोधावी लागते.