उसाच्या ट्रकचा गंज

गंज म्हटला की कोकणातील खारा वारा आठवतो. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील जुन्या ट्रकचे हौदे खालून कुजतात, आणि त्याला हवेपेक्षा माल अधिक जबाबदार असतो. गोदावरीकाठच्या या तालुक्यात ट्रकचा हिवाळा ऊस वाहण्यात जातो. उसाचा रस आम्लधर्मी असतो. तो सांध्यांत झिरपून आंबला की आम्लता वाढते. त्यावर बसलेला पाचटाचा चुरा ओल धरून ठेवतो. पुढे त्याच हौद्यात खताच्या गोण्या येतात. पोटॅश खतातील क्लोराइड लोखंडाला मिठाइतकेच मारक आहे. चाकांनी उडवलेली काळी माती लवकर वाळत नाही, ते वेगळेच.

गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते. त्यामुळे वरचा रंग फुगलेला दिसतो, तेव्हा आतील पत्रा बराचसा संपलेला असू शकतो. हौद्याचा तळ व त्याखालील आडवे आधार यांमधील फट, केबिनची जमीन, दारांची खालची कड येथे छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला किंवा टोक रुतले, तर तेथे रंगावर खर्च करण्यात अर्थ नाही.

शाबूत पत्रा ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. नुसता प्रायमर पाणी फार काळ अडवत नाही. भोक पडलेला भाग मात्र कापून नवा पत्राच जोडावा लागतो. गंजावर लांबी भरून गुळगुळीत केलेला ट्रक विक्रीच्या वेळी देखणा दिसतो. पण लांबी ओल शोषते आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. जळके ऑइल फासण्याची पद्धतही सोयीची वाटते, पण त्यावर धूळ चिकटते, पुढे रंग धरत नाही आणि रबरी बुश खराब होतात.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. चॅसिसच्या वरच्या व खालच्या कडांना वेल्डिंगचा हात लावू नये. भाराखाली तडा तेथूनच जातो. ऊसतोड मजुरांची कुटुंबे याच हौद्यांत बसून कारखान्यापर्यंत प्रवास करतात, म्हणून तळाचे आधार पोकळ झाले असतील तर ठिगळे न लावता ते बदलणेच योग्य.

कामाला उत्तम काळ गळीत हंगाम संपल्यानंतर मृगापूर्वीचा. पावसाळ्यात घासलेल्या लोखंडावर काही तासांतच तांबूस थर चढतो. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये. तो वरून चटकन सुकतो आणि फोड धरतो. सकाळची वेळ बरी.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीआधी घाईने मारलेल्या रंगापेक्षा हंगामाच्या शेवटच्या खेपेनंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलेला हौदा आणि पाणी निचरण्याची मोकळी केलेली भोके अधिक उपयोगी पडतात.