मालकीण, मास्तरीण, मिसेस : 'मिस्ट्रेस' शब्दाची गोष्ट

आज आम्ही इंग्रजीतला एकच शब्द घेऊन आलो आहोत : 'मिस्ट्रेस'. मुलींच्या शाळेत एका दारावर 'हेडमिस्ट्रेस' अशी पाटी असते. तिथे हा शब्द मानाचा. पण एखाद्या बड्या माणसाच्या बातमीत 'त्याची मिस्ट्रेस' असं आलं, की अर्थ होतो लग्नाबाहेर ठेवलेली बाई. हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे? आणि फॉर्मवर आपल्या नावाआधी येणाऱ्या 'मिस' आणि 'मिसेस' यांच्याशी त्याचं नातं काय?

मुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'मॅजिस्टर' म्हणजे प्रमुख, शिकवणारा. त्यातूनच पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीला एक जोडी मिळाली. पुरुष असेल तर मास्टर, बाई असेल तर मिस्ट्रेस. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा मिस्ट्रेस म्हणजे मालकीण. जिच्या शब्दावर घर चालतं आणि नोकरचाकर जिचं ऐकतात ती. शिकवणारी तीही मिस्ट्रेस, आणि एखाद्या कामात तरबेज असलेली तीही.

मग घसरण कुठून झाली? प्रेमकवितांमध्ये पुरुष आपल्या प्रियेला 'माझ्या मनाची मालकीण' म्हणत. त्यातून मिस्ट्रेस म्हणजे प्रेयसी झाली आणि पुढे ठेवलेली बाई. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. त्यात सत्ता चालवणारी, कुशल, शिकवणारी हे सगळे अर्थ आहेत. प्रेयसी आहे, रखेलही आहे. विवाहित स्त्री हा अर्थ मात्र त्यात नाही.

'मिसेस' हे मिस्ट्रेसचंच लघुरूप. केंब्रिजच्या इतिहासकार एमी एरिकसन यांनी जुनी कागदपत्रं तपासून २०१४ मध्ये दाखवून दिलं, की अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'मिसेस' लागायचं ते बाईच्या प्रतिष्ठेमुळे. स्वतःचा धंदा चालवणारी, हाताखाली शिकाऊ मुली ठेवणारी बाई अविवाहित असली, तरी ती मिसेसच. लेखिका हॅना मोर यांनी कधीच लग्न केलं नाही, तरी लोक त्यांना मिसेस मोर म्हणत. मोठ्या घरातला सगळा कारभार पाहणाऱ्या बाईला तर पुढे कितीतरी काळ, लग्न झालेलं असो वा नसो, मिसेसच म्हणत.

'मिस' हेही त्याच शब्दाचं लघुरूप. सतराव्या शतकात मोठ्या बाईला 'मिस' म्हणणं अपमानाचं होतं, कारण तेव्हा त्यातून वाईट चालीची बाई असंच सुचवलं जाई. तो शब्द लहान मुलींसाठीही वापरात होता. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वरच्या थरातल्या मोठ्या अविवाहित मुलीही स्वतःला 'मिस' म्हणवू लागल्या. हळूहळू वाटणी झाली : लग्नाआधी मिस, लग्नानंतर मिसेस.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक पाऊल पडलं. बाईचं पहिलं नावही पुसून तिथे नवऱ्याचं नाव येऊ लागलं. जेन ऑस्टिन यांच्या १८११ सालच्या कादंबरीत 'मिसेस जॉन डॅशवुड' भेटतात. यातलं जॉन हे त्यांच्या नवऱ्याचं नाव.

आता पुरुषांकडे पाहा. लहान मुलगा 'मास्टर', मोठा झाला की 'मिस्टर'. लग्न करो, न करो, बायको असो, नसो, मिस्टर तो मिस्टरच. मुलाचं बिरुद वयाने बदललं आणि मुलीचं लग्नाने. गव्हर्नर आणि गव्हर्नेस ही जोडीही अशीच. तो प्रांताचा कारभार पाहतो, ती दुसऱ्याच्या घरी राहून त्यांची मुलं शिकवते.

या वाटणीवर बायकांनी उपाय शोधला. 'मिझ' हे बिरुद १९०१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका वृत्तपत्रात सुचवलं गेलं होतं. लग्न झालंय की नाही हे न सांगणारं हे संबोधन. १९६० च्या दशकात शीला मायकल्स यांनी ते उचलून धरलं. १९७२ पासून ग्लोरिया स्टायनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मासिक याच नावाने निघू लागलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र ते स्वीकारायला १९८६ साल उजाडलं.

आपल्याकडे काय झालं? 'मास्टर'चा आपण 'मास्तर' केला आणि त्याला मान दिला : शाळामास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, कपडे शिवणारे टेलर मास्तरसुद्धा. 'मास्तरीण' म्हटलं, की विचारावं लागतं, शिकवणारी की मास्तरांची बायको? आपला 'बाई' हा शब्दही मिस्ट्रेसच्याच वाटेने गेलाय. अहिल्याबाईंच्या नावातली बाई राज्य करणारी, शाळेतल्या बाई शिकवणाऱ्या, 'आज बाई आली नाही' यातली बाई धुणीभांडी करणारी, आणि 'त्याने बाई ठेवलीय' यातली बाई कोण, ते सांगायला नको.

आणि आपल्या लग्नपत्रिका! त्यांत वडीलधाऱ्या पुरुषांना एकच 'श्री.'. आपल्याला मात्र कु., सौ., श्रीमती, गं. भा. असे कप्पे. नवरा गेला की 'सौ.' त्याच दिवशी जातं, आणि घरच्या पुढच्या कार्याच्या पत्रिकेत सगळ्या गावाला ते छापून कळतं. खरं तर श्रीमती हा 'श्री'च्याच जोडीचा शब्द. त्याला वैधव्य चिकटवलं ते वापरणाऱ्यांनी.

जे वापराने चिकटलं, ते वापराने सुटूही शकतं. इंग्लंडात मिसेसचा अर्थ काही पिढ्यांत बदलला. आपल्यालाही सगळ्याच बायकांच्या नावाआधी श्रीमती लिहिता येईल, किंवा नुसतं नाव लिहिता येईल. बचत गटाच्या वहीत, हळदीकुंकवाच्या आमंत्रणात, घरच्या पत्रिकेत आपलं नाव कसं छापायचं हे ठरवताना एकदा एकमेकींना विचारा : तुला काय लावलेलं आवडेल? ज्यांना 'सौ.' मनापासून प्रिय आहे, त्यांनी ते जरूर लावावं. फक्त ते आपल्या हाताने लिहिलेलं असावं, आणि आपल्या शेजारणीचं तिच्या हाताने.

तुमच्याकडे काय लिहितात ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.