वेरूळचा छोटा कैलास : नक्कल की निर्मिती?

वेरूळला गेलेला यात्रेकरू बहुधा सोळाव्या लेण्यापाशीच थबकतो. उत्तर टोकाच्या जैन लेण्यांपर्यंत (क्र. ३० ते ३४) पोहोचेतो दिवस कलतो. त्यामुळे तिसाव्या लेण्याची ओळख ‘छोटा कैलास’, म्हणजे थोरल्याची नक्कल, एवढीच उरली आहे.

साम्य नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली कोरीत कैलास मंदिर साकारले. तीच रीत पुढे नवव्या शतकात जैन कारागिरांनी अंगीकारली. सुमारे १३० फूट लांब व ८० फूट रुंद प्रांगण खणून मधोमध गोपुर, सोळा स्तंभांचा मंडप, गर्भगृह व द्राविड धाटणीचे शिखर त्यांनी कोरले. पण यास नक्कल म्हणणे उचित नव्हे. कैलास हे नाव जैनांना परके कसे? भगवान ऋषभदेवांचे निर्वाण तेथेच झाले, अशी आपली श्रद्धा आहे. येथील अनेकभुज नृत्यमूर्ती पाहून नटराजाचे स्मरण होते खरे. परंतु जिनजन्मप्रसंगी इंद्राने केलेल्या आनंदनृत्याचे वर्णन त्याच शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. सम्राट अमोघवर्ष या आचार्यांचा भक्त होता, हेही ध्यानी घ्यावे.

असे सागरापलीकडेही घडले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मन याने कंबोजात मेरुपर्वताच्या कल्पनेवर विष्णूचे अंगकोर वाट उभारले. त्याच शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मन याने बौद्ध बायोन बांधले, तेव्हाही पर्वतरूप मंदिराची कल्पना टाकली नाही. बायोनला मात्र कोणी ‘छोटे अंगकोर’ म्हणत नाही!

नावांचा घोळ वेरूळला आणखीही आहे. बत्तिसाव्या लेण्यातील गजारूढ यक्षास इंद्र समजले गेले, आणि लेणे ‘इंद्रसभा’ झाले. तेथील अंबिका यक्षी अर्थातच इंद्राणी ठरली. प्रांगणातील एकसंध चौमुख मंदिर आणि पाषाणी हत्ती पाहताना कैलासाचा संस्कार पुन्हा जाणवतो. चौमुखातील जिनप्रतिमा मात्र निखळ जैन परंपरेच्या आहेत.

छोट्या कैलासाचे काम पूर्णत्वास गेले नाही. तथापि श्रावकांचे येणे थांबले नाही. शके ११५६ मध्ये, म्हणजे इ.स. १२३४-३५ च्या सुमारास, चक्रेश्वर नामक श्रावकाने याच डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती घडविली. तिचा लेख आसनावर आजही आहे.