कडे कोणाभोवती?

३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी सफदरजंग रोडच्या निवासस्थानातून शेजारच्या अकबर रोडच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या. अभिनेते पीटर उस्तिनोव्ह मुलाखतीसाठी थांबले होते. वाटेतल्या छोट्या फाटकापाशी बिअंत सिंगने रिव्हॉल्व्हर काढले, सतवंत सिंगने स्टेनगन चालवली. दोघेही पहाऱ्यावरचेच.

पंतप्रधानांच्या निकटच्या सुरक्षेची जबाबदारी तेव्हा दिल्ली पोलिसांकडे होती. कुंपणच शेत खाते म्हटल्यावर व्यवस्था मुळापासून बदलणे भागच होते. १९८५ मध्ये विशेष संरक्षण दल, म्हणजेच एसपीजी, उभे राहिले. १९८८ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला.

कायदा मात्र पदावरच्या पंतप्रधानांपुरता आणि त्यांच्या कुटुंबापुरताच होता. १९८९ मध्ये सत्ता गेली आणि माजी पंतप्रधान झालेल्या राजीव गांधींभोवतीचे एसपीजीचे कडेही उठले. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदुरला हार घेऊन पुढे सरकणाऱ्या तरुणीला एका महिला पोलिसाने अडवले होते. राजीव यांनीच तिला येऊ द्यायला सांगितले. ती पाया पडायला वाकली आणि कमरेच्या स्फोटकांचा स्फोट झाला.

त्याच वर्षी दुरुस्ती होऊन माजी पंतप्रधान आणि त्यांचे कुटुंबीय कायद्याच्या कक्षेत आले. पुढे मुदती बदलत गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने हे संरक्षण विद्यमान पंतप्रधान आणि अधिकृत निवासस्थानी त्यांच्यासोबत राहणारे जवळचे नातलग यांच्यापुरते ठेवले. माजी पंतप्रधानांना मात्र ते पद सोडल्यापासून पाच वर्षे मिळते. गांधी कुटुंबाची सुरक्षा त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, सीआरपीएफकडे गेली होती.