शिक्का खरा, जोडणी खोटी : रोमची पाणीचोरी

१/ तोटी घेताना आपण धातू पाहतो, छाप पाहतो. ती बसवली कशी जाते, इकडे क्वचितच लक्ष देतो. प्राचीन रोममध्ये पाणीचोरांनी नेमका याच दुर्लक्षाचा लाभ उठवला.

२/ इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने फ्रॉन्टिनसकडे रोमचा पाणीपुरवठा सोपवला. खासगी घरांना व स्नानगृहांना पाणी ‘कॅलिक्स’ नामक नळकांड्यातून मोजून मिळे. त्याची लांबी किमान १२ रोमन अंगुळे, म्हणजे सुमारे २२ सेंमी. धातू कांस्य, कारण ते कठीण, त्याचे तोंड सहजी रुंदावता येत नाही.

३/ तपासणीत काही कॅलिक्स बिनशिक्क्याचे आणि मोठ्या मापाचे निघाले. पण खरी चलाखी शिक्का असलेल्यांत होती. कॅलिक्स खालच्या पातळीवर बसवला, की तो जास्त पाणी ओढतो. येणाऱ्या प्रवाहाला सामोरे तोंड केले, तरी तेच.

४/ नियमानुसार कॅलिक्सपुढचा ५० फूट नळ त्याच व्यासाचा हवा. प्रत्यक्षात कुठे कुठे लगेचच रुंद नळ जोडलेला आढळला.

५/ फ्रॉन्टिनसने हे सारे आपल्या ग्रंथात नोंदवले. त्याचा धडा आजही लागू पडतो : शिक्का वस्तूची हमी देतो, जोडणीची नव्हे.